मातीचे उच्चशिक्षण

घरातील मुलगी वैद्यकाच्या किंवा अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी निघाली की नातेवाईक पेढे मागायला येतात. तीच मुलगी 'मला मृत्तिकाकलेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे' असे म्हणाली, तर घरात प्रथम शांतता पसरते आणि मग एकच प्रश्न पुढे येतो : याचा उपयोग काय? कलावंत मंडळी या प्रश्नाची थट्टा करतात. मला ती थट्टा योग्य वाटत नाही. ज्या आईबापांनी भाजी विकून, नोकरीत खस्ता खाऊन, भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून मुलांची शिक्षणे केली, त्यांना उपयोगाचा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो प्रश्न अरसिकतेचा नसून नीतीचा आहे. आयुष्यातील दोन-तीन उमेदीची वर्षे आणि कुटुंबाची पुंजी मातीची भांडी घडवण्याच्या अभ्यासासाठी खर्च करणे कितपत न्याय्य आहे, असे त्याचे खरे स्वरूप आहे. त्याच स्वरूपात त्याचा विचार येथे करायचा आहे.

प्रथम हे शिक्षण म्हणजे काय ते पाहू. आपल्या देशात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, शांतिनिकेतनच्या कलाभवनात, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत या विषयाचा अभ्यास करता येतो. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, त्याची परंपरा बरीच जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातील आल्फ्रेड या लहानशा गावी १९०० साली मातीकामाची शाळा स्थापन झाली. इंग्लंडमधील वूस्टरच्या चिनीमातीच्या कारखान्यात वाढलेले चार्ल्स बिन्स हे तिचे पहिले संचालक. आज तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, इतरत्र तो तीन वर्षांचाही असतो. विद्यार्थ्याला स्वतंत्र कामाची जागा मिळते, भट्ट्या मिळतात आणि शेवटी स्वतःच्या कामाचे प्रदर्शन मांडून त्याविषयी प्रबंधवजा लेखन करावे लागते. अधूनमधून शिक्षक आणि सहाध्यायी मिळून त्याच्या कामाची चिकित्सा करतात.

या अभ्यासात रसायनशास्त्र मोठे असते. कुंभाराच्या आव्यात साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअस उष्णता मिळते, तर 'स्टोनवेअर' म्हणून ओळखली जाणारी टणक भांडी १२०० ते १३०० अंशांवर भाजावी लागतात. ५७३ अंशांवर मातीतील गारेचे स्फटिक आपले रूप बदलतात आणि त्या टप्प्यावर भट्टीने घाई केली तर भांडे तडकते. झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेली काचच. तिच्यात वाळूचे द्रव्य किती, मातीचे किती आणि वितळण्यास मदत करणारे क्षार किती, याचा हिशेब चुकला तर ती ओघळते किंवा सोलून निघते. तेव्हा 'माती कालवायला विद्यापीठ कशाला?' या शंकेचे निम्मे उत्तर येथेच मिळते. माती कालवणे सोपे नाही.

परंतु निम्मे उत्तर म्हणजे पूर्ण उत्तर नव्हे. कोणी म्हणेल, 'हे सगळे आमच्या कुंभाराला पदवीवाचून ठाऊक आहे.' हा आक्षेप अधिक खोल आहे. संगमनेरजवळच्या जोर्वे या गावी उत्खननात सापडलेली लाल भांडी तीन हजार वर्षांहून जुनी आहेत. त्यांच्या पातळ, खणखणीत भाजलेल्या भिंती पाहिल्या की ती घडवणाऱ्याला पदवीची उणीव भासली असेल असे वाटत नाही. मग पिढ्यान्पिढ्या हाताने चालत आलेली विद्या विद्यापीठाने वर्गात आणून तिला दाखल्याची किंमत द्यावी, आणि ज्याच्याकडून ती आली त्याला मात्र दाराबाहेर ठेवावे, हा कोणता न्याय?

जुन्या करारातील बेन सिराच्या ग्रंथात या विषयावरचे एक विलक्षण प्रकरण आहे, अडतिसावे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहिणारा हा ज्ञानी पुरुष विद्वान आणि कारागीर यांची तुलना करतो. विद्वानाचे ज्ञान फुरसतीवर अवलंबून असते असे तो स्पष्ट म्हणतो. मग तो नांगरणारा, मुद्रा कोरणारा, लोहार आणि शेवटी कुंभार डोळ्यांपुढे उभा करतो. पायांनी चाक फिरवणारा, ठरलेली संख्या पुरी करण्याच्या काळजीत असलेला, झिलई नीट बसावी आणि भट्टी साफ राहावी म्हणून जागणारा कुंभार. या लोकांवाचून नगर वसत नाही, तरीही सभेत त्यांचे मत कोणी विचारत नाही, न्यायासनावर त्यांना कोणी बसवत नाही, असे तो नोंदवतो. एवढ्यावर तो थांबला असता तर ते विद्वानाचे गर्वगीत ठरले असते. पण शेवटी तो म्हणतो की जगाची घडी हेच लोक सांभाळतात आणि त्यांचे काम हीच त्यांची प्रार्थना असते.

बेन सिराने जी दोन माणसे वेगळी ठेवली, त्यांना मातीचे उच्चशिक्षण एकाच देहात आणू पाहते. फुरसत विद्वानाची आणि हात कुंभाराचे. या एकत्र येण्यात मोठी शक्यता आहे आणि मोठा धोकाही आहे. विद्यार्थी कुंभाराचे श्रम न घेता त्याचे नाव तेवढे घेईल, हा तो धोका. आपल्याकडे याचा जुना दाखला आहे. मुंबईच्या कलाशाळेत, आजच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात, १८७० नंतरच्या दशकात अधीक्षक जॉर्ज टेरी यांनी कुंभारकाम सुरू केले, तेव्हा सिंधमधील पारंपरिक कुंभारांचे कसब तेथे आणले गेले. त्या भांड्यांचे कौतुक टेरीसाहेबांच्या नावाने झाले. चाकावर बसणाऱ्यांची नावे मात्र क्वचितच कोठे वाचायला मिळतात.

याउलट उदाहरण जर्मनीतील आहे. बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेने १९२० साली डोर्नबुर्ग या गावी आपली कुंभारशाळा उघडली. तेथे प्रत्येक विद्यार्थ्याला दोन गुरू असत. गेर्हार्ड मार्क्स हे शिल्पकार आकाराचा विचार शिकवीत आणि माक्स क्रेहान हे कुंभार घराण्यातील कारागीर हात शिकवीत. दोघेही 'मास्टर'च. एकाने दुसऱ्याला हाताखालचा मानायचे नाही, असा तो करार होता. या शाळेतून मार्गारेट फ्रीडलेंडर, पुढे विवाहानंतर मार्गारेट विल्डेनहाइन, ही थोर कुंभार घडली. हाले येथील कलाशाळेत ती कुंभारविभाग चालवीत होती. ज्यू वंशाची म्हणून १९३३ साली तिला ते पद सोडावे लागले. १९४० मध्ये ती अमेरिकेस पोहोचली आणि कॅलिफोर्नियातील पाँड फार्म येथे तिने आपली शाळा चालवली.

हिचे उदाहरण आपल्या प्रश्नासाठी मोलाचे आहे, कारण ती विद्यापीठीय पदव्यांची कठोर टीकाकार होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना सरकारी खर्चाने शिक्षण देणाऱ्या १९४४ च्या कायद्यामुळे अमेरिकन विद्यापीठे भरून गेली आणि तेथील मृत्तिकाविभागही वाढले. पदवी घ्यायची आणि लगेच दुसऱ्यांना पदवीसाठी शिकवायला लागायचे, हे चक्र तिला मान्य नव्हते. तिच्याकडे उन्हाळ्यात येणारे विद्यार्थी आठवडेच्या आठवडे ठरावीक आकार पुन्हा पुन्हा घडवीत. ती भांडी भाजली जात नसत. मोडून त्यांची पुन्हा माती केली जाई आणि विद्यार्थी रिकाम्या हाताने घरी परतत.

भांडी न भाजण्याच्या या रीतीत मला एक मोठे नैतिक सत्य दिसते. न भाजलेले भांडे पाण्यात टाकले की विरघळते आणि पुन्हा चाकावर चढते. भट्टीत सुमारे ६०० अंशांच्या पुढे मातीतील बांधलेले पाणी निघून गेले की हा मार्ग बंद होतो. ते फुटेल, खापर होईल, पण माती होणार नाही. जोर्वेची खापरे म्हणूनच आपल्यापर्यंत पोहोचली. तेव्हा भट्टी पेटवणारा मनुष्य आपल्यामागून हजारो वर्षे टिकेल अशी वस्तू जगात टाकत असतो. टिकण्याची तिची योग्यता आहे काय, हे त्याने आधी विचारावयास हवे. कुंभाराला हा प्रश्न गिऱ्हाईक विचारते : मडके वाजवून पाहते आणि बद्द वाजले तर परत ठेवते. विद्यार्थ्याला गिऱ्हाईक नसते. त्याच्यासाठी हे काम गुरूने आणि सहाध्यायांनी करायचे असते. विद्यापीठाने दिलेली फुरसत ही याचसाठी आहे. पोटासाठी दिवसाला शंभर पणत्या थापणाऱ्याला जे भांडे मोडून टाकण्याची चैन परवडत नाही, ते मोडून पुन्हा घडवण्याचे स्वातंत्र्य विद्यार्थ्याला मिळते. ते स्वातंत्र्य त्याने वापरले नाही, तर त्याची फुरसत ही चोरीच ठरेल.

येथे आपल्या मातीतील एक कथा आठवते. तेरच्या गोरोबाकाकांकडे संतांचा मेळा जमला असता, 'यांत कच्चे मडके कोणते?' असा प्रश्न निघाला. काकांनी आपले थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले. सगळे निमूट बसले. नामदेव मात्र रागावले आणि तेच कच्चे ठरले. कथेचा पुढचा भाग आपण विसरतो : त्या अपमानानंतर नामदेव गुरूच्या शोधात निघाले. मेळ्यात मोठमोठे ज्ञानी असताना परीक्षेचा मान एका कुंभाराला मिळाला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. उच्चशिक्षणातील चिकित्सा ही अशीच थापटण्याची परीक्षा होय. ज्याला ती सोसत नाही, ज्याला केवळ वाहवा हवी आहे, त्याने त्या वाटेला जाऊ नये. आणि ज्या विद्यापीठात थापटणे उरलेले नाही, गुळगुळीत शब्दांची देवाणघेवाण तेवढी उरली आहे, तेथे आईबापांनी आपला पैसा पाठवू नये.

मग पदवी नकोच, घरंदाज कुंभाराकडे राहून शिकावे, असे का म्हणू नये? याला दोन उत्तरे आहेत. पहिले जपानच्या शोजी हामादा यांच्या जीवनात सापडते. तोक्योच्या तांत्रिक शाळेतून मृत्तिकाविज्ञान शिकून १९१६ साली ते बाहेर पडले. क्योतोच्या संशोधनसंस्थेत त्यांनी झिलईचे असंख्य प्रयोग केले. १९२० साली बर्नार्ड लीच यांच्यासोबत इंग्लंडला जाऊन सेंट आइव्हज येथे भट्टी उभारली. एवढे शिकलेला हा मनुष्य पुढे कोठे स्थायिक झाला? तोक्योला स्वयंपाकाची भांडी पुरवणाऱ्या माशिको नावाच्या खेड्यात. तेथल्याच मातीत आणि तेथल्याच दगडाच्या पुडीत त्याने आपली झिलई शोधली. भांड्यावर झिलई ओतायला त्यांना पंधरा सेकंद लागत. 'इतक्या घाईत कसे?' असे विचारणाऱ्याला त्यांनी हिशेब सांगितला की त्यात साठ वर्षे आणि पंधरा सेकंद गेले आहेत. विज्ञान शिकल्यामुळे हामादा खेड्यापासून तुटले नाहीत. खेड्याच्या मातीत काय दडले आहे, हे त्यांना त्या विज्ञानामुळेच अधिक उमगले.

दुसरे उत्तर आपल्या समाजरचनेत आहे. आपल्याकडे कुंभारविद्या जातीने बांधलेली होती. बाहेरच्याला ती सहसा मिळत नसे, आणि अनेक कुंभार समाजांत स्त्रीने माती मळावी, रंगकाम करावे, पण चाकावर बसू नये असा दंडक होता. ज्या हातांनी निम्मे काम केले त्यांनाच चाक वर्ज्य. हा दंडक मोडण्यात कलाशाळांचा वाटा मोठा आहे. कच्छमध्ये जन्मलेल्या ज्योत्स्ना भट्ट (१९४०-२०२०) बडोद्यात शंखो चौधरी यांच्याकडे शिल्पकला शिकल्या, नंतर अमेरिकेत ब्रुकलिन येथे मृत्तिकाकला शिकून परतल्या आणि बडोद्याच्या विद्यापीठात अनेक वर्षे त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. त्यांनी घडवलेली मांजरे आणि पक्षी पाहताना, हे हात चाकापासून दूर राहिले असते तर काय हरवले असते, याची कल्पना येते.

असे असले तरी अजून मूळ प्रश्न सुटलेला नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी, ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन, एक भेद सांगितला आहे तो येथे उपयोगी पडतो. जे घडवायचे त्याविषयीची योग्य बुद्धी म्हणजे कला आणि जे आचरायचे त्याविषयीची योग्य बुद्धी म्हणजे विवेक. कलावंताची पारख त्याच्या वस्तूवरून होते. मनुष्याची पारख त्याच्या आचरणावरून होते. भांडे उत्कृष्ट असेल आणि ते घडवणारा कुटुंबाशी कृतघ्न असेल, हे शक्य आहे. म्हणून 'कला थोर आहे' असे सिद्ध केल्याने 'मी या कलेसाठी घरच्यांचे घर गहाण टाकावे' हे सिद्ध होत नाही. पहिला प्रश्न कलेचा आहे, दुसरा विवेकाचा. तरुण मंडळी पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवतात, आणि आईबाप दुसऱ्याची भीती पहिल्यावर ढकलून कलेलाच नावे ठेवतात. दोघांचीही गल्लत एकच.

प्रभू येशूने सांगितलेला तलांतांचा दाखला आपण अशा प्रसंगी हमखास काढतो : देवाने दिलेली देणगी पुरून ठेवू नये. पण दाखल्यातील तलांत म्हणजे अंगचा गुण नव्हता. ते धन होते, आणि थोडेथोडके नव्हे, मजुराच्या सुमारे सहा हजार दिवसांच्या मजुरीएवढे. शिवाय ते चाकरांचे नव्हते, धन्याचे होते. जो घाबरला त्याने ते मातीत पुरले. जे शहाणे होते त्यांनी व्यवहार केला आणि हिशेब दिला. भीती आणि बेहिशेबीपणा या दोहोंनाही या कथेत जागा नाही. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले पैसे हेही दुसऱ्याचे धन आहे, आणि धाकट्या भावंडाचा त्यावर तेवढाच हक्क आहे. या अभ्यासक्रमानंतर अध्यापनाच्या जागा थोड्या असतात. स्वतःची भट्टी उभारायची तर पुन्हा भांडवल लागते. हे आकडे घरात मोकळेपणाने मांडणे, शिष्यवृत्तीशिवाय परदेशाचा हट्ट न धरणे, आधी एखादे वर्ष कुंभाराच्या हाताखाली काढून आपली ओढ खरी आहे का ते तपासणे, यात कलेचा अपमान नाही. हाच विवेक होय.

हिशेब मात्र केवळ पगाराचा नसावा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक विश्वपत्रात श्रमाचे मोल प्रथम श्रम करणाऱ्या माणसावरून ठरते, असे प्रतिपादन केले. हे तत्त्व खरे मानायचे तर 'पदवी घेऊन शेवटी मडकीच घडवणार ना?' असे आपण कोणत्या तोंडाने विचारतो? कुंभाराच्या कामाला हलके मानणारे मनच हा प्रश्न विचारते. आणि त्याच मनाचा दुसरा आविष्कार म्हणजे पदवी मिळताच 'मी कुंभार नव्हे, सिरॅमिक कलावंत' असे घाईने सांगणे.

त्या ज्ञानातून परतफेड काय होऊ शकते, याचे एक साधे उदाहरण देतो. कमी उष्णतेवर वितळावी म्हणून काही झिलयांत शिसे मिसळले जात असे आणि अजूनही काही ठिकाणी मिसळले जाते. अशा बरणीत लोणचे, चिंचेचे सार किंवा आपल्या ख्रिस्ती घरांत आवडीने होणारे व्हिनेगरचे पदार्थ ठेवले, तर आंबटामुळे शिसे अन्नात उतरते. ते लहान मुलांच्या मेंदूला विशेष अपायकारक असते. हे कारण समजून घेणे, शिसे न वापरता त्याच आव्यात बसेल अशी झिलई शोधणे आणि ती गावच्या कुंभाराला विनामूल्य देणे, हे काम शिकलेला मनुष्यच करू शकतो. मातीच्या सुक्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, म्हणून ती झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, एवढे सांगणेसुद्धा एखाद्या कुटुंबाचे आयुष्य वाढवू शकते. मुंबईच्या धारावीतील कुंभारवाड्यात आजही दाट वस्तीत भट्ट्यांचा धूर निघतो. तेथील मुलांसाठी विद्यापीठाचे दार किती उघडे आहे, हा प्रश्न ज्या पदवीधराला अस्वस्थ करीत नाही, त्याचे शिक्षण अपुरे राहिले असे मी म्हणेन.

तात्पर्य, मातीचे उच्चशिक्षण घेणे न्याय्य आहे, पण ते तीन अटींवर. ज्यांच्या पैशावर आणि त्यागावर ते उभे राहते त्यांच्याशी हिशेब स्वच्छ असावा. मिळालेली फुरसत थापटणे सोसण्यात, घडवून मोडण्यात खर्च व्हावी. आणि जे ज्ञान कुंभाराच्या दारातून विद्यापीठात गेले, ते अधिक होऊन त्या दारात परत यावे. या अटी पाळणार असेल तर मुलीने जावे, आणि घरच्यांनीही खाली मान घालून नव्हे तर शेजाऱ्यांना पेढे देऊन तिला निरोप द्यावा. ती परतल्यावर मात्र तिच्या पदवीचा कागद आधी पाहू नये. तिने घडवलेला माठ घ्यावा, वाजवून पाहावा, आणि उन्हाळ्यात त्यातले पाणी गार राहते का ते पाहावे.